डोक्याकडची जागा

मणक्याच्या वॉर्डात पेशंट कूस बदलत नाही. आम्ही बदलतो. त्याला चार माणसं लागतात. एक डोक्याकडे, एक खांद्याला, एक कंबरेला, एक पायाला. खांदा, कंबर आणि पाय एकाच बाजूला ओळीत उभे राहतात, डोक्याकडचा उशाशी. त्यानं पेशंटची मान आणि डोकं दोन्ही हातांत धरायचं, आणि बोलायचं ते फक्त त्यानंच. बाकी तिघांनी तोंड शिवून घ्यायचं. तो सांगेल तेव्हा हलायचं, सांगेल तेवढंच हलायचं. शेजारी मोठा डॉक्टर उभा असला तरी त्या वेळेपुरता हुकूम डोक्याकडच्याचा.

आमच्याकडे डोक्याकडे मामा. किती वर्षं, ते त्यांना पण नीट सांगता येत नाही. मी कामाला लागले तेव्हा होते. मावशी माझ्या कितीतरी आधी लागली, तेव्हाही होते. मावशी कंबरेला, मी पायाला. मावशी अंगानं भरलेली, चालताना डुलते, पण पेशंटखाली हात गेले की खांबासारखी. मला मामांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, भिंगरी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून. "हिला पाय द्या," म्हणाले. "पळून जाईल कुठं, पाय तिच्याच हातात असतील."

मामा साधेभोळे वगैरे अजिबात नाहीत. बुटके आहेत, मिशी रंगवतात, आणि राग नाकावर ठेवून फिरतात. त्यांच्या स्टुलावर कुणी बसलं की ते काही बोलत नाहीत, नुसते समोर येऊन उभे राहतात, माणूस उठेपर्यंत. पेशंटचे नातेवाईक त्यांना डॉक्टर समजतात, आणि मामा तो गैरसमज दूर करायची अजिबात घाई करत नाहीत. तरुणपणी ते एका बागेत हातानं फिरवायचा लाकडी पाळणा ढकलायचे. चार डोल्या, मधे खांब, खाली मामा. "तेव्हापासून माणसं फिरवतोय," असं ते नव्या डॉक्टरांना सांगतात, आणि डॉक्टर हसले की गंभीर होतात.

त्याच पाळण्यात मामी भेटली. मामी ही गोष्ट अशी सांगते, "मी बसले, मला गरगरलं, आणि ह्यांच्या शर्टवर मी उलटी केली. शर्ट धुऊन द्यायला म्हणून गेले ती अजून धुतेच आहे."

मामांचा हुकूम एकच शब्दाचा होता. घे.

पेशंट सगळाच्या सगळा कुशीवर वळवायचा असला तरी घे. नुसता कलता करून पाठीमागं उशी सारायची असली तरी घे. घसरून खाली आला असेल आणि वर उशीकडे ओढायचा असेल, तरी घे. मग आम्हाला कळायचं कसं? मामांच्या हनुवटीवरून. हनुवटी आमच्याकडे वळली की वळवायचं. वर गेली की वर ओढायचं. खाली छातीला लागली की थोडंसं कलवायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मावशीनं बघून उचललं, मी मावशीकडे बघून. आमचा खांद्यावाला होता पैलवान, त्याला पण येत होतं. कधीही चूक झाली नाही, असं मी म्हणत होते आणि अजून म्हणते.

मग पैलवान नोकरी सोडून मेव्हण्याच्या दुकानात गेला आणि त्याच्या जागी नवा आला. नव्याला आम्ही अजून नवाच म्हणतो. काडीसारखा, चष्मा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. बारावी पास. हे त्यानं सांगितलं नाही, मावशीनं काढून घेतलं, आणि मला मुद्दाम ऐकवलं. नवा फार बोलत नाही. मला न बोलणारी माणसं आवडत नाहीत, त्यांच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

हनुवटीचं त्याला मीच सांगितलं. त्यानं मान हलवली, आणि चार दिवस ठीक चाललं. मग वॉर्डात खोकला पसरला आणि सगळ्यांना मास्क लागले.

आम्हाला काही फरक पडला नाही. मावशीला आणि मला मामांच्या भुवयांवरून पण कळतं. पण नव्यानं हनुवटीच शिकली होती, आणि हनुवटी गेली मास्कच्या आत. तेव्हा पेशंट होता फरशीवाला. फरश्या बसवायचा, जिन्यावरून पडला, पाठीचा मणका मोडला. मामांनी त्याचं डोकं धरलं आणि म्हणाले, घे. आम्ही दोघींनी वळवलं. नव्याला वाटलं, वर ओढायचंय. त्यानं खांदा उशीकडे ओढला. खांदा एकीकडे गेला, कंबर दुसरीकडे. फरशीवाला असा ओरडला की शेजारच्या वॉर्डातली सिस्टर धावत आली.

मणक्याचा फोटो काढला. काही सरकलं नव्हतं. पण फोटो येईपर्यंत आम्ही चौघं जिन्यात उभे होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग मामा नव्याला म्हणाले, "डोळे तपासून घे." नवा म्हणाला, "तपासलेत. मास्कच्या आतलं दिसत नाही." तेवढंच बोलला. त्या दिवसापासून मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मामा बोलत नाहीत म्हणून मी पण.

मोठ्या सिस्टर तेव्हा नुकत्याच आमच्या वॉर्डाला आल्या होत्या. उंच, केस बारीक कापलेले, आवाज कधी चढत नाही. त्यांनी आम्हाला बोलावून विचारलं की हुकूम काय होता. मामा म्हणाले, "घे."

"म्हणजे काय घे?"

"हे काय विचारणं झालं? जे घ्यायचं असेल ते."

सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मामा, इथं रोज कुणीतरी नवं येणार. हनुवटी बघून काम होणार नाही."

दोन दिवसांनी भिंतीवर तक्ता लागला. सहा शब्द, इंग्रजी, मोठ्या अक्षरांत, खाली चित्रं. सगळ्या वॉर्डांत हेच बोलायचं, डॉक्टरांनी पण, व्यायामवाल्या मॅडमनी पण, आम्ही पण. डोक्याकडे उभं राहणाऱ्याची परीक्षा सिस्टर स्वतः पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी घेणार. ज्याला येणार नाही तो डोक्याकडे नाही. तो चादरींच्या ढकलगाडीवर.

सिस्टरांचं चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आवडत नव्हतं एवढंच.

मामा तक्त्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ मास्कवरूनच मिशी चोळत होते. मग मला म्हणाले, "तू शिकव."

"मी? मामा, इंग्रजीनंच मला शाळेतून घालवलं."

"म्हणजे तुझी ओळख आहे तिच्याशी."

"नव्याला विचारा की. बारावी आहे तो."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला. मुलगी त्यांची लांब असते, फोनवर इंग्रजीत बोलायचीच नोकरी करते. तिला विचारणं तर लांबच. बापानं मुलीला शब्द विचारायचे हे मामांच्यात बसत नाही.

मी त्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. मामी स्वयंपाकघरात बरणीशी झगडत होती, काखेत बरणी, हातात झाकण. झाकण निघालं तेव्हा मला म्हणाली, "आता हे काम माझं झालंय. ह्यांचा अंगठा झोपतो. उजवा. परवा नळ उघडता येईना, पक्कड मागितली. आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवलं, आणि घरचा नळ फिरवेना."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दिवसभर डॉक्टरांतच असतात ना, मग दाखवतील कशाला?" मामी म्हणाली. आवाज खाली आणला. "तू बोलू नकोस कुठं. डोकं हातातून गेलं तर हा माणूस घरी काय करेल सांग. मला फिरवत बसेल."

मी बोलले नाही कुठं. पण वॉर्डात गेले की माझं लक्ष अंगठ्याकडे जायला लागलं. कप उचलताना मामा दोन बोटं खाली धरायचे. पेन तर कधी धरतच नव्हते. पेशंटचं डोकं धरायच्या आधी हात मांडीवर घासायचे, जोरात, आधी नव्हती ती सवय. डोकं धरलं की मात्र सगळं पूर्वीसारखं. निदान मला तरी तसं दिसायचं.

एकदा मोठ्या सिस्टरनी मला औषधांच्या खोलीत गाठलं. "मामांचा हात बरा आहे ना?"

"मामांना विचारा," मी म्हटलं.

"तुला विचारतेय."

"हात माझा नाही, सिस्टर."

त्या ट्रे उचलून गेल्या. मला वाटतं त्यांना तेव्हाच अर्धं कळलं होतं.

शिकवणी व्हायची दुपारी, कामाच्या बदलीच्या वेळेला, शेवटच्या खोलीत. तिथं गादी फाटलेली एक खाट पडून असते. मी शब्द म्हणायचे, मामा मागून म्हणायचे. पाठ व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांत शिरायचे. टर्न आणि टिल्ट त्यांना एकच वाटायचे. रोटेट म्हटलं की पिव्हट करायला उठायचे. "हे सगळं म्हणजे फिरवच की," म्हणायचे. "एका कामाला सहा नावं. रिकामे लोक."

मला पण तसंच वाटत होतं. पण मग आम्ही तक्त्यावरची चित्रं बघत बसलो आणि मामांनी एकेक शब्द आपल्या पाळण्याला नेऊन बांधला. पिव्हट म्हणजे मधला खांब. पेशंटला खाटेच्या कडेला उभं करायचं, पाय जागेवरच, आणि अंग तेवढं वळवून चाकाच्या खुर्चीत बसवायचं. पाय म्हणजे खांब, हलायचा नाही. टिल्ट म्हणजे एका डोलीत जाडा बसला की ती बाजू कलते तसं. पेशंट पूर्ण वळत नाही, उशी लावून नुसता कलतो. रोटेट म्हणजे डोलीची कडी. डोली तिथंच, कडी फिरते. पेशंट पडलेला, आणि आपण त्याचा घोटा किंवा खांदा सांध्यातल्या सांध्यात फिरवतो. टर्न म्हणजे धडधाकट माणूस झोपेत स्वतः करतो ते, साधी कूस.

लॉग रोलला मात्र पाळणा चालेना. तो मणक्यावाल्यांसाठीच असतो. डोकं, खांदा, कंबर, पाय सगळं एका दमात, लाकडाचा ओंडका लोळवावा तसं, मधे कुठं वाकणं नाही. मामा म्हणाले, "हे तर मी करतोच." मी म्हटलं, "करता, पण म्हणत नाही."

सहावा शब्द ट्विस्ट. हा हुकूम नाही, हा धोका. पीळ पडतोय, थांबा. एवढाच एक शब्द कुणीही बोलू शकतं, पायाकडचा सुद्धा, आणि तो ऐकला की सगळ्यांनी आहे तिथं थिजायचं. मामा म्हणाले, "ओला टॉवेल." आणि फरशीवाला ओरडला होता ते आम्हा दोघांनाही आठवलं असणार, कारण मामांनी तो शब्द न सांगता परत दोनदा म्हटला.

शब्द आले. पण नुसते शब्द म्हणून सिस्टर ऐकणार नव्हत्या, करून दाखवायचं होतं. त्याला चार माणसं लागतात आणि पाचवा पेशंट. मावशी आली, पाव खात. खांद्याला माणूस नाही.

"नव्याला बोलवा," मावशी म्हणाली.

"नको," मी म्हटलं.

"तुला कोण विचारतंय? मामा, नसेल बोलवायचा तर मी चालले, माझे पाय दुखतात."

मामांनी हात हलवला. तो होकार होता. नवा आला आणि कोपऱ्यात उभा राहिला, त्याला जणू माहीतच होतं की कधीतरी बोलावणं येणार. पेशंट व्हायला कुणी तयार नव्हतं. फाटकी गादी बघून मावशी म्हणाली, "मी पडले तर खाट पडेल." मग मामाच आडवे झाले. "मला फिरवा," म्हणाले. "म्हणजे मला कळेल शब्द कुठं लागतो."

एवढ्या वर्षांत ह्या माणसाला कुणी फिरवलं नव्हतं. छताकडे बघत पडले, हात छातीवर. डोकं मी धरलं. खांद्याला नवा, कंबरेला मावशी, पाय मोकळेच. मी नेहमीच्या घाईत म्हटलं, "लॉग रोल," आणि आम्ही वळवलं. मामांचा हात सटकन सुटला आणि त्यांनी खाटेची दांडी पकडली. चेहरा मास्कमध्ये होता, पण डोळे मी पाहिले.

"आधी सांगत जा की," म्हणाले. "कुठल्या बाजूला ते सांगशील की नाही? मला वाटलं खाली पडलो."

"पेशंटला कोण सांगतं, मामा?" मावशी म्हणाली. "तुम्ही कधी सांगितलंत?"

मामा परत उताणे झाले. "दुसऱ्यानं धरा."

मावशीनं धरलं. मामा डोळे मिटून म्हणाले, "कणीक मळतेस का?" मग परत मी. "ही तर निघाली कुठंतरी. डोकं इथं ठेवून जातेस की घेऊन जातेस?" मग नवा आपणहून उशाशी गेला, मी खांद्याला. त्यानं चष्मा खिशात ठेवला, वाकला, आणि मामांच्या कानाशी म्हणाला, "मी डोकं धरतोय. लॉग रोल करणार आहोत, तुमच्या उजव्या बाजूला. मी तीन म्हणेन तेव्हा." एक, दोन, तीन. वळवलं, आणि परत उताणं केलं.

 मामांनी नावं ठेवली नाहीत, हीच मोठी गोष्ट. नुसते पडून राहिले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "अजून एकदा. त्यालाच."

त्यानंतर मामा रोज वॉर्डात पेशंटला सांगायला लागले. आधी बाजू, मग शब्द, मग तीन. फरशीवाला म्हणाला, "मामा, इतके दिवस तुम्ही घे घे म्हणायचात, मला वाटायचं मलाच काहीतरी देताय. मी वाट बघायचो." फरशीवाला पडल्या पडल्या सारखा बोलतो. उजव्या कुशीवर असला की त्याच्यासमोर बाथरूमची भिंत येते, आणि तिथल्या फरश्यांवरून तो बसवणाऱ्याला शिव्या देतो. डाव्या कुशीवर खिडकी आहे, तिथं तो गप्प असतो.

परीक्षेच्या सोमवारी मोठ्या सिस्टरनी बूट काढले आणि स्वतः खाटेवर आडव्या झाल्या. आम्हाला अंदाज नव्हता. वाटलं होतं बाहुला आणतील. मावशीनं माझ्याकडे बघून भुवई उडवली. सिस्टर छताकडे बघत म्हणाल्या, "मी सांगेन पेशंट कसा आहे. शब्द तुम्ही निवडायचा, मामा."

मामांनी हात मांडीवर घासले. मी मोजत नव्हते, पण फार वेळ घासले.

त्या म्हणाल्या, साधा पेशंट, पाठ लाल झाली. मामा म्हणाले, टर्न, डावीकडे. केलं. त्या म्हणाल्या, पूर्ण वळवायचा नाही, एका बाजूचा भार कमी करायचाय. टिल्ट, उशी मावशीकडे. त्या म्हणाल्या, घोटा आखडलाय. रोटेट, भिंगरी, सावकाश. खुर्चीत बसवायचंय. मामा समोर गेले, सिस्टरांना उभं केलं, "पाय जागेवर ठेवा, पिव्हट," आणि त्या खुर्चीत बसल्या. मामांच्या आवाजात कुठं अडखळ नव्हती. मला इतकं बरं वाटत होतं की मी पायाच्या बोटांवर उभी होते.

सिस्टर परत आडव्या झाल्या. "आता पाठीचा मणका. मोडलेला."

मामांनी डोकं धरलं. वाकून म्हणाले, "सिस्टर, डोकं धरलंय. लॉग रोल, तुमच्या डाव्या बाजूला. तीन म्हणेन तेव्हा." एक, दोन, तीन. आम्ही वळवायला लागलो. अर्ध्यावर गेलो आणि मामा म्हणाले, "ट्विस्ट."

तिघंही थिजलो. सिस्टर एका कुशीवर अर्ध्या, आमच्या हातांवर.

"खाली," मामा म्हणाले. "हळू. सगळं एकदम."

खाली ठेवलं. सिस्टर उठून बसल्या आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. "सहावा पण घेतलात. मी विचारणारच होते. मामा, पास."

मावशीनं माझ्या पाठीत थाप मारली. मी मामांकडे बघितलं. ते उजवा हात पँटच्या शिवणीवर घासत होते आणि अंगठा बाजूला पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मला सगळं कळलं. पण सिस्टरांना कळलेलं नव्हतं. पास झालं होतं. मी मामांना डोळ्यांनी सांगितलं, गप्प बसा. फक्त गप्प बसायचं होतं.

"तो घेतला नाही, सिस्टर," मामा म्हणाले. "तो खरा होता."

"म्हणजे?"

"तुमचं डोकं सरकलं माझ्या हातातून. तुमची मान धडधाकट आहे म्हणून तुम्हाला कळलं नाही. फरशीवाल्याला कळलं असतं."

 सिस्टर पाय खाली सोडून बसल्या होत्या, पायांत मोजे. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"बरण्यांची झाकणं बायको उघडते तेव्हापासून."

"आणि तुम्ही रोज डोकं धरत होतात."

"धरत होतो," मामा म्हणाले. "आजपर्यंत सुटलं नव्हतं. आज सुटलं."

सिस्टरनी एकेक बूट घातला, नाड्या बांधल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी हात दाखवायचा, मी बरोबर येणार. डोक्याकडे तुम्हाला ठेवता येणार नाही, मामा."

"माहीत आहे."

"मग कोण?"

 मास्कच्या आत मामांची हनुवटी नव्याकडे वळली. नव्यानं ती बघितली आणि खिशातून चष्मा काढायला हात घातला, पण चष्मा डोळ्यांवरच होता.

मी बाहेर पॅसेजमध्ये मामांना गाठलं. "कशाला बोललात? पास झाला होतात. मग ते सगळे शब्द पाठ केले कशाला? मी नववी नापास, मी शिकवले तुम्हाला."

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू. आणि त्याला दिलंत. ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्यालाच."

मामांनी मास्क खाली केला. मिशीचा रंग कडेला उतरला होता. "त्याच्यामुळे काही नाही झालं," म्हणाले. "तोंड माझं झाकलेलं होतं." मग म्हणाले, "मला एक सांग. इंग्रजी येत नाही म्हणून मला काढलं असतं तर तुला चाललं असतं?"

"नसतं चाललं. तक्ता फाडला असता."

"मला पण नसतं चाललं. आता येतं ना. सहाच्या सहा. विचार."

मी विचारलं नाही. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं. ते चहा प्यायला गेले. कप डाव्या हातात धरला होता, उघड उघड, सगळ्यांच्या समोर.

हाताचं निदान झालं, मनगटात नस दबलीय. छोटं ऑपरेशन सांगितलंय. मामी म्हणते करा, मामा म्हणतात बघू. पूर्ण बरा होईल की नाही ते डॉक्टर पण छातीठोक सांगत नाहीत.

चादरींची ढकलगाडी मामांना मिळाली नाही. सिस्टरनीच देऊ केली नाही. पायाला पकड लागत नाही, ताल लागतो, असं त्या म्हणाल्या, आणि माझी जागा मामांना दिली. मी खांद्याला गेले. मावशी जिथं होती तिथं. स्टूल मात्र मामांचंच आहे. नवा अजून त्यावर बसत नाही, उभ्यानं डबा खातो.

पहिल्या सकाळी फरशीवाल्याची पाळी. नवा उशाशी गेला, वाकला. "मी डोकं धरलंय. लॉग रोल, उजव्या बाजूला."

फरशीवाल्याला आवाज ओळखीचा वाटला नाही. डोळे फिरवून शोधायला लागला, मान तर नव्याच्या हातांत होती. "मामा कुठं गेले?"

"इथंच आहे," मामा पायाकडून म्हणाले. "तुझे पाय माझ्याकडे आहेत. पळू नकोस."

नवा म्हणाला, एक, दोन, तीन. माझा खांदा केसभर उशिरा आला. मलाच जाणवलं. मामांनी माझ्याकडे बघून मास्कच्या आत तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वळवताना पायाकडच्यानं बोलायचं नसतं.

पण फरशीवाला नीट कुशीवर गेला, सगळा एका दमात. नव्यानं उशी सारायला सांगितली आणि विचारलं, "ठीक आहे?"

फरशीवाल्यानं समोर भिंत बघितली आणि म्हणाला, तिसऱ्या ओळीतली ती फरशी अजून वाकडी आहे, ज्यानं बसवलीय त्याला एकदा माझ्याकडे पाठवा.